विश्लेषण : जादूगाराने चिलखत घातले तर बिघडते कुठे? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील जुन्या वादाची नवी फेरी

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि बोलत खेळायचा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा त्यातील जादूगाराला खंजिराखेरीज शस्त्र नव्हते आणि चिलखत तर मुळीच नव्हते. आज त्याच खेळातील जादूगार पोलादी चिलखत चढवून, एका हातात ढाल धरून दुसऱ्या हाताने अग्निगोळा फेकू शकतो, तेही नियमात राहून. या सवलतीवरून अनेक खेळगटांत खटके उडतात. जादूगाराला वार लागेना आणि त्याची जादूही थांबेना, मग तलवार घेऊन सर्वात पुढे उभ्या राहणाऱ्या योद्ध्याने करायचे काय, हा त्या खटक्यांचा गाभा आहे.

खेळ चालतो कसा?

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातील एक ‘डंजन मास्टर’. गोष्ट तो सांगतो. राक्षस, गावकरी, राजे, दरोडेखोर ही सगळी सोंगे त्याच्या वाट्याला. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या पात्राचा पेशा ठरलेला असतो. फायटर म्हणजे योद्धा, विझार्ड म्हणजे पोथ्या घोकून जादू शिकलेला जादूगार, क्लेरिक म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र चालवणारा पुजारी. शत्रूने वार केला की २० बाजूंचा फासा टाकायचा, त्यात वार करणाऱ्याचे कौशल्य मिळवायचे. ही बेरीज समोरच्याच्या ‘आर्मर क्लास’इतकी किंवा त्याहून जास्त आली तर वार लागला, नाहीतर हुकला. चिलखत आणि ढाल हा आर्मर क्लास वाढवतात. म्हणजे अंगावर काय घातले आहे यावर पात्र जगणार की मरणार हे बऱ्याच अंशी ठरते. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिका आणि २०२३ मधील ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडीओ गेम यांमुळे आपल्याकडच्या तरुणांपर्यंतही हे नाव पोहोचले आहे.

बंदी आली कुठून?

या खेळाचे जनक गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. दोघेही मूळचे युद्धखेळांचे शौकीन, म्हणजे टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया लढणारे. गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्यासोबत १९७१ मध्ये ‘चेनमेल’ नावाची मध्ययुगीन लढायांची नियमपुस्तिका काढली होती. तिच्या शेवटी कल्पनारम्य लढायांसाठी एक पुरवणी होती आणि त्यात जादूगार होते. या जादूगारांचा अग्निगोळा मोठ्या गोफणयंत्राच्या माऱ्याइतके क्षेत्र व्यापत असे आणि त्यांची वीज जड तोफेच्या हिशेबाने मोजली जाई. थोडक्यात, जादूगार म्हणजे दोन पायांचा तोफखाना. तोफखाना मागे असतो आणि त्याच्यापुढे पायदळ उभे करावे लागते, हे युद्धखेळ खेळणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

तीन वर्षांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला तो याच समजुतीवर उभा राहून. हजार प्रतींची पहिली आवृत्ती, डबीत तीन छोट्या पुस्तिका, किंमत १० डॉलर. पहिल्या पुस्तिकेत पेशे तीनच होते. योद्ध्याला सगळी शस्त्रे, सगळी चिलखते. पुजाऱ्याला चिलखत चालेल, पण धारदार शस्त्र नाही. जादूगाराला फक्त खंजीर. पुढे १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये जादूगाराला काठी आणि फेकायचे बाण एवढे मिळाले, ढाल-चिलखताला मनाई कायम राहिली. पहिल्या पायरीवरच्या जादूगाराचा जीव चार बाजूंच्या फाशाने ठरे आणि तलवारीचा घाव आठ बाजूंच्या फाशाने. एक घाव बसला की बहुधा कारभार आटोपला. दिवसाला मंत्र एकच. तो वापरून झाला की उरलेला दिवस मित्रांच्या आडोशाने काढायचा.

गंमत म्हणजे अपवादही पहिल्याच पुस्तिकेत होता. एल्फ म्हणजे वनवासी, दीर्घायुषी जमातीचे पात्र योद्धा आणि जादूगार दोन्ही होऊ शकत असे आणि जादूचे चिलखत घालूनही मंत्र म्हणू शकत असे. म्हणजे चिलखतात जादू अशक्य आहे, असे या खेळाने पहिल्या दिवसापासून कधीच म्हटले नव्हते. चिलखतात कोणी जादू करावी, एवढाच प्रश्न होता.

चिलखतात हात हलत नाहीत, हे कारण पटते का?

नियमाला कारण लागते, निदान खेळाडू विचारतात म्हणून तरी. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने दोन कारणे दिली. मंत्रासाठी हातांच्या क्लिष्ट मुद्रा कराव्या लागतात आणि चिलखतात त्या नीट होत नाहीत, हे एक. जादूगाराची तरुणाई पोथ्यांत गेली, चिलखत वापरायचे शिक्षण घ्यायला त्याला वेळच मिळाला नाही, हे दुसरे.

पहिले कारण इतिहासापुढे फारसे टिकत नाही. पंधराव्या शतकातील युरोपीय अंगभर चिलखताचे वजन साधारण २० ते २५ किलो असे आणि ते साऱ्या शरीरावर वाटलेले असे. असे चिलखत घातलेला माणूस पळू शकत असे, पडला तर उठू शकत असे, घोड्यावर चढू शकत असे. बुसिको या फ्रेंच सरदाराच्या चरित्रात तर तो शिरस्त्राण वगळता पूर्ण चिलखतानिशी कोलांटी मारत असल्याचे वर्णन आहे. लोखंडी हातमोजेदेखील एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्यांचे असत, त्यात बोटे मिटता-उघडता येत. शिवाय खेळाच्या आतच विसंगती होती. पुजारीही हातवारे करूनच मंत्र म्हणतो आणि तो पहिल्यापासून चिलखतात वावरतो. त्याची मुद्रा लोखंडात जमते, मग जादूगाराचीच का अडते? याला खेळाने उत्तर दिले ते असे की, पुजाऱ्याची शक्ती देवाकडून येते, जादूगाराची अभ्यासातून. हे उत्तर म्हणजे बाजू सावरून घेणे झाले.

काहींनी लोहाचा आधार घेतला. लोखंडाला जादू बिचकते ही समजूत युरोपच्या लोककथांत जुनी आहे. आपल्याकडेही बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा सुरी ठेवत, ती याच जातीच्या समजुतीने. खेळातील ड्रुइड या निसर्गपूजक पेशाला धातूचे चिलखत वर्ज्य असे. २०१४ च्या आवृत्तीत हा नियम ड्रुइड धातू ‘घालणार नाहीत’ अशा शब्दांत होता आणि समजा घातलाच तर काय होईल, हे कुठेच लिहिलेले नव्हते. खेळाडूंनी विचारल्यावर अधिकृत खुलासा आला, त्याची सुरुवात ‘मग ड्रुइडचा स्फोट होतो’ अशा अर्थाच्या थट्टेने झाली होती. पुढे गंभीरपणे सांगितले ते असे की, शाकाहारी माणूस मांस खाऊ शकतो पण खात नाही, तसेच हे. खुलासा मराठी घरात कुणालाही पटेल असा आहे. पण लोखंडाने जादू अडते या सिद्धान्ताचा मात्र त्याने निकाल लावला. हात आवळले जात नाहीत, लोखंड आड येत नाही, फक्त व्रत आहे.

भारतीय वाचकाला तर हा सगळा वादच मुळात नवलाचा वाटेल. महाभारतातील अस्त्रे मंत्राने चालतात आणि ती चालवणारे सगळे चिलखतातच उभे असतात. जयद्रथवधाच्या दिवशी द्रोणाचार्य दुर्योधनाच्या अंगावर मंत्राने भारलेले कवच बांधतात आणि अर्जुनाचे बाण त्यावर निष्फळ होतात. स्तोत्रांच्या एका अख्ख्या प्रकाराचे नावच ‘कवच’ आहे. मंत्र इकडे आणि चिलखत तिकडे ही वाटणी त्या विशिष्ट खेळाची आहे. ती सगळ्या पाश्चात्त्य कल्पनाविश्वाचीही नाही. टॉल्किन यांचा गँडाल्फ एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात तलवार घेऊन लढतो.

मग खरे कारण काय?

खरे कारण टेबलाभोवती बसलेल्या माणसांत आहे. हा खेळ चार-पाच जणांनी मिळून खेळायचा आहे आणि प्रत्येकाला संध्याकाळभरात कधीतरी वाटायला हवे की आपण नसतो तर आज निभावले नसते. योद्ध्याकडे दोनच गोष्टी आहेत. तो मार देतो आणि मार खातो. जादूगाराकडे मात्र कुलूप उघडण्यापासून आकाशात उडण्यापर्यंत प्रत्येक अडचणीला एकेक मंत्र आहे. त्याची एकच उणीव म्हणजे तो नाजूक आहे. ही उणीव आहे म्हणूनच त्याला योद्ध्याची गरज लागते आणि योद्ध्याला आपण उपयोगी आहोत असे वाटते.

खेळ पुढे सरकतो तशी ही तफावत वाढते. खेळाडूंमध्ये एक म्हण रूढ आहे की योद्धा सरळ रेषेत वाढतो आणि जादूगार वर्गाच्या पटीत. तिसऱ्या आवृत्तीत विसाव्या पायरीवरचा योद्धा एका फेरीत चार वार करी. त्याच पायरीवरचा जादूगार काळ थांबवू शकत असे, हवी ती इच्छा पुरी करून घेऊ शकत असे. सुरुवातीच्या पायऱ्यांवर जादूगार एका घावात मरतो, ही त्याने पुढच्या सुखासाठी आगाऊ भरलेली किंमत, असा जुन्या आवृत्त्यांचा हिशेब होता. मात्र महिनोन्महिने चालणाऱ्या खेळात हा हिशेब प्रत्यक्षात फार क्वचित जुळतो. बरेचसे गट विसाव्या पायरीपर्यंत जातच नाहीत. आणि जे जातात त्यांच्यातल्या योद्ध्याला, सुरुवातीला तू भाव खाल्लास ना, मग आता गप्प बस, असे सांगणे फारसे मैत्रीचे नाही.

या पार्श्वभूमीवर जादूगाराला चिलखत मिळाले की काय होते, हे समजायला फासे लागत नाहीत. त्याची एकुलती एक उणीव भरून निघते. योद्ध्याच्या दोन कामांपैकी मार खाण्याचे काम जादूगारच करू लागतो आणि मार देण्याचे काम तर अग्निगोळा करतच असतो. दर शनिवारी दोन बस बदलून खेळायला येणाऱ्या मित्राने योद्धा घेतला असेल, तर त्याला त्या चार तासांत फासे टाकण्यापलीकडे काही उरत नाही. तो भांडत नाही. काही आठवड्यांनी तो ‘आज जरा काम आहे’ असा निरोप पाठवतो. खेळगट मोडतात ते बहुतेक असेच.

टक्केवारीचा प्रयोग काय होता?

विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने १९९७ मध्ये मूळ प्रकाशक टीएसआरला विकत घेतले आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती काढली. तिने बंदी उठवून कर लावला. जादूगाराने हवे ते चिलखत घालावे, पण हातवारे लागणारा प्रत्येक मंत्र म्हणताना शंभरावर फासा टाकावा. चिलखत जितके अवजड तितकी मंत्र फसण्याची शक्यता जास्त. चामडी चिलखताला १० टक्के, साखळ्यांच्या सदऱ्याला २०, पूर्ण पोलादी चिलखताला ३५. मोठ्या ढालीचे १५ टक्के वेगळे. पोलाद अधिक मोठी ढाल म्हणजे निम्मे मंत्र हवेत विरणार, आणि विरलेला मंत्र त्या दिवसाच्या शिल्लकीतूनही वजा होणार.

कागदावर हे न्याय्य दिसते. व्यवहारात मात्र कोणीही हा कर भरला नाही, कारण ‘मेज आर्मर’ नावाचा पहिल्याच पायरीचा एक मंत्र होता. तो अंगाभोवती अदृश्य कवच निर्माण करी आणि संरक्षण देई ४ अंकांचे. साखळ्यांचा सदराही ४ अंकच देई, पण २० टक्के मंत्र खाई. कवचाचा मंत्र एकही टक्का खात नसे आणि तासन् तास टिके. जे फुकट मिळते त्यासाठी दंड कोण भरेल?

कर आला की पळवाटा येतातच. मिथ्रल या काल्पनिक हलक्या धातूने फसण्याची शक्यता १० टक्क्यांनी घटे. छोट्या मनगटी ढालीचा दंड मुळात ५ टक्के. म्हणजे मिथ्रलची मनगटी ढाल घेतली की दंड शून्य. किंमत १,०१५ सोन्याची नाणी, जी तिसऱ्या-चौथ्या पायरीनंतर जमायला अवघड नसत. जवळपास प्रत्येक जाणत्या जादूगाराच्या मनगटावर ती दिसू लागली. हातवाऱ्यांशिवाय मंत्र म्हणण्याची खास विद्या होती. त्यासाठी मंत्र एक पायरी महाग पडे, पण चिलखताचा प्रश्न मिटे. मग कंपनीनेच पुस्तकामागून पुस्तक काढून तलवारबाज-जादूगारांचे नवनवे पेशे आणले, ज्यांना हा दंड कमी किंवा माफ होता. २००६ मधील ‘डस्कब्लेड’ हा त्यातला गाजलेला. आधी कर लावायचा आणि मग माफीची पुस्तके विकायची, हा धंदा म्हणून वाईट नव्हता. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने टक्केवारी काढून टाकली.

२०१४ मध्ये दार सताड कसे उघडले?

पाचव्या आवृत्तीचा नियम एका वाक्यात मावतो. ज्या चिलखताचे प्रशिक्षण नाही ते अंगावर असेल तर मंत्र म्हणता येत नाही. प्रशिक्षण असेल तर काहीही अडचण नाही. म्हणजे १९८९ मधील हातवाऱ्यांचे कारण गेले, शिक्षणाचे राहिले. सुटसुटीत, लक्षात राहणारा नियम. अडचण एवढीच की प्रशिक्षण मिळवणे फार स्वस्त होते. डोंगरी ड्वार्फ जमातीत जन्म घेतला की मध्यम चिलखत जन्मजात. नाहीतर जादूगार होण्याआधी एकच पायरी पुजारी किंवा योद्धा व्हायचे. पुजाऱ्याकडून मध्यम चिलखत आणि ढाल मिळते. पहिली पायरीच योद्ध्याची घेतली तर पूर्ण पोलादही मिळते, शिवाय घाव बसल्यावर मंत्राची एकाग्रता टिकवण्याचे बळही.

आता हिशेब पाहा. साध्या झग्यातील चपळ जादूगाराचा आर्मर क्लास १२. एखादा गॉब्लिन म्हणजे खुजा राक्षस त्याच्यावर २० वार करील, तर सरासरी १३ लागतील. कवचाचा मंत्र घेतला तर आर्मर क्लास १५ आणि लागणारे वार १०. मध्यम प्रकारातले ‘हाफ प्लेट’ आणि ढाल घेतली तर १९. वार लागतील ६. त्यावर ‘शील्ड’ हा मंत्र आहे. शत्रूचा वार येताना म्हणायचा आणि पुढच्या पाळीपर्यंत ५ अंक जास्त. आर्मर क्लास २४. आता २० पैकी एकच वार लागेल, तोही फाशावर २० पडले तर वार लागतोच असा नियम आहे म्हणून. योद्ध्याकडे पूर्ण पोलाद आणि ढाल मिळून २० होतात आणि तो ‘शील्ड’ मंत्र जाणत नाही. झग्यात वावरणारा, पुस्तके वाचणारा, मागे उभा राहणारा माणूस आता गटातला सर्वात अभेद्य माणूस झालेला असतो.

किंमत मोजावी लागते, नाही असे नाही. एक पायरी दुसऱ्या पेशात गेली म्हणजे अग्निगोळा पाचव्याऐवजी सहाव्या पायरीवर येतो. हाफ प्लेटचा खडखडाट दबक्या पावलांनी जायला आड येतो आणि त्याला ७५० नाणी पडतात. पण मेलेल्या जादूगाराला अग्निगोळा कितव्या पायरीवर मिळतो, याचा विचार केला की बहुतेकांना हा सौदा परवडतो.

तिसरा हात आणायचा कुठून?

पाचव्या आवृत्तीत एक अडसर मात्र राहिला आणि तो चिलखताचा नसून हातांचा आहे. हातवाऱ्याच्या मंत्राला एक हात मोकळा लागतो. मंत्राला साहित्य लागत असेल, जसे अग्निगोळ्याला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक, तर ते साहित्य किंवा त्याऐवजी वापरायची जादूची काठी धरलेल्या हातानेच हातवारे केलेले चालतात. मंत्राला साहित्य लागत नसेल तर मात्र काठी धरलेला हात चालत नाही.

याचा परिणाम चक्रावून टाकणारा आहे. डाव्या हातात ढाल आणि उजव्या हातात काठी घेतलेला जादूगार अग्निगोळा फेकू शकतो, पण जीव वाचवणारा ‘शील्ड’ मंत्र म्हणू शकत नाही, कारण त्याला साहित्य लागत नाही. काठी खाली टाकली तर म्हणू शकतो. पुजाऱ्याचीही तीच गत. देवाचे चिन्ह ढालीवर कोरले की साहित्याचे मंत्र ढालीच्या हातानेच होतात, पण जखम बरी करण्याच्या साध्या मंत्रासाठी गदा म्यान करावी लागते. मित्र रक्तबंबाळ होऊन पडला आहे आणि पुजारी गदा ठेवायला जागा शोधतो आहे, असे दृश्य नियमाप्रमाणे खेळणाऱ्या टेबलावर खरोखर घडते. बरेच डंजन मास्टर या नियमाकडे काणाडोळा करतात. तो काटेकोर पाळला तर ‘वॉर कास्टर’ ही विद्या घ्यावी लागते, जिच्यामुळे दोन्ही हात भरलेले असतानाही हातवारे करता येतात.

गटाचा समतोल राखू पाहणाऱ्या डंजन मास्टरने हा नियम सोडून देणे म्हणजे घरातले सर्वात स्वस्त कुलूप काढून ठेवणे आहे. ढाल घेतलेल्या जादूगाराला ‘काठी की ढाल’ हा प्रश्न प्रत्येक फेरीत पडला, तर ती ढाल फुकटची राहत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ने हाच अडसर काढला. त्या गेममध्ये मानव जमातीला ढाल आणि हलक्या चिलखताचे प्रशिक्षण जन्मजात आहे आणि मोकळ्या हाताची अटच नाही. त्यामुळे गेल हा त्यातला विद्वान जादूगार पहिल्या तासातच ढाल घेऊन फिरू शकतो. संगणकावर ते खपून जाते, कारण तिथे सगळी पात्रे बहुधा एकच माणूस खेळवत असतो. रुसायला कोणी नसते.

बाकीचे खेळ काय करतात?

१९७८ मधील ‘रुनक्वेस्ट’ने ही वाटणी मुळातच मानली नाही. तिथे जवळपास प्रत्येक जण थोडीफार जादू जाणतो आणि चिलखतही घालतो. जादू ही वेगळ्या पेशाची मक्तेदारीच नसल्याने योद्ध्यावर अन्याय होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ‘पाथफाइंडर’ने २००९ मध्ये तिसऱ्या आवृत्तीची टक्केवारी जशीच्या तशी उचलली आणि दोन वर्षांनी ‘मेगस’ हा पेशा आणला. त्याला सुरुवातीला हलके चिलखत, सातव्या पायरीवर मध्यम, तेराव्यावर जड. एका हातात तलवार, दुसरा हात मंत्रासाठी रिकामा, त्यामुळे ढाल नाही. चिलखत हवे असेल तर पायऱ्या चढून कमवा आणि त्या बदल्यात मोठी जादू सोडा, असा हा चोख व्यवहार होता. त्याच खेळाच्या २०१९ मधील दुसऱ्या आवृत्तीने टक्केवारी टाकून दिली.

नव्या नियमांनी वाद मिटला का?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ मधील सुधारित पुस्तकात ड्वार्फांचे जन्मजात चिलखत गेले. ड्रुइडांचे धातूचे व्रतही गेले. एक पायरी उसनी घेऊन चिलखत मिळवायची वाट मात्र खुलीच आहे. त्यामुळे उपाय शोधायचा तो डंजन मास्टरनेच.

त्याच्याकडे हत्यारे आहेत, फक्त ती वापरायची आठवण हवी. चिलखत केवळ नेम धरून केलेला वार अडवते. अग्निगोळ्यापुढे, ड्रॅगनच्या फुत्कारापुढे आर्मर क्लास विचारतच नाहीत. तिथे चपळाई लागते. २०१४ च्या नियमांत पूर्ण वाढलेल्या लाल ड्रॅगनचा फुत्कार सरासरी ६३ अंकांचा होता आणि त्याच्या चाव्यापुढे जादूगाराचा २४ चा आकडाही निम्म्याहून अधिक वेळा तोकडा पडे. ‘हीट मेटल’ हा मंत्र तर अशा जादूगारासाठीच लिहिल्यासारखा आहे. तो अंगावरचे धातूचे चिलखत तापवतो. हाफ प्लेट उतरवायला एक मिनिट लागते, लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते आणि दर फेरीला चटका बसतो.

याहून साधा उपाय म्हणजे खेळ सुरू होण्याआधीची बैठक, जिला खेळाडू ‘सेशन झिरो’ म्हणतात. पात्रे ठरत असतानाच जादूगार घेणाऱ्याने एक पायरी पुजाऱ्याची घ्यायचे मनात आहे असे सांगितले, तर योद्धा घेणाऱ्याला वेळेत कळते. तो मग शत्रूला अडवून धरणारा, जादूगाराकडे वळू न देणारा योद्धा बनवू शकतो, किंवा थोडी जादू येणारा ‘एल्ड्रिच नाइट’ होऊन ‘शील्ड’ मंत्र स्वतःच शिकू शकतो. त्याचे पूर्ण पोलाद आणि ढाल मिळून २०, मंत्राचे ५. आकडा २५ होतो, चिलखती जादूगारापेक्षा एकाने जास्त.